साइडआर्मने चेंडू कसा टाकावा : नेटमधील सरावासाठी मार्गदर्शन

मुंबईच्या कोणत्याही मैदानावर संध्याकाळी नेटजवळ उभे राहिले की एक गणित हटकून चुकलेले दिसते. पॅड बांधून फलंदाजीची वाट पाहणारे दहा-बारा जण असतात, मनापासून गोलंदाजी करणारे मात्र दोघे-तिघे, आणि तेही पाऊण तासात दमून टप्पा हरवून बसतात. मग प्रशिक्षक पुढे सरकून हाताने चेंडू फेकू लागतो. या थ्रोडाउनने फटक्याची जागा घोटून घेता येते, पण खऱ्या मध्यमगती गोलंदाजाचा वेग त्यात येत नाही, आणि रोज शेदोनशे चेंडू फेकणाऱ्याचा खांदा दोन हंगामांत कुरकुरू लागतो. साइडआर्म हे साधन नेमके या अडचणीसाठी आहे. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला चेंडू धरून ठेवणारी लवचीक वाटी, एवढेच त्याचे स्वरूप असते. कुत्र्याला खेळवण्यासाठी चेंडू लांब फेकायचा दांडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची रचना वेगळी समजावून सांगायला नको.

गोलंदाजाविना चेंडू टाकण्याची धडपड जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ‘फेलिक्स’ या नावाने खेळणारे इंग्लंडचे निकोलस वॉनोस्ट्रॉक्ट यांनी ‘कॅटापुल्टा’ नावाचे चेंडूफेकी यंत्र तयार केले होते. शाळेत संचांच्या धड्यात आपण ज्यांच्या आकृत्या काढतो, त्या जॉन वेन यांनीही असे यंत्र बनवले होते आणि १९०९ मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातील एका खेळाडूचा त्या यंत्राने चार वेळा त्रिफळा उडवला होता. आजच्या बोलिंग मशीनमध्ये विरुद्ध दिशांनी फिरणारी दोन चाके चेंडू चिमटीत धरून पुढे भिरकावतात. एकाच टप्प्यावर पन्नास चेंडू हवे असतील तर यंत्राला तोड नाही. तरीही छोट्या क्लबने पैसे हाती आले की आधी साइडआर्म घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण फलंदाज चेंडू सुटण्यापूर्वीच टाकणाऱ्याचा खांदा, कोपर आणि मनगट वाचत असतो. यंत्राच्या तोंडाकडे पाहून ते वाचन शिकता येत नाही. साइडआर्ममागे माणसाचा हात असतो.

साधन घेताना पहिली चूक मापाची होते. पुरुषांच्या सामन्यातील चेंडूचा परीघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे ७.१ ते ७.३ सेंटिमीटर असतो. तेरा वर्षांखालील मुलांचा चेंडू याहून लहान आणि १३३ ते १४४ ग्रॅम वजनाचा असतो. मोठ्या चेंडूसाठी बनवलेल्या वाटीत तो ढिला बसतो आणि वेळेआधी निसटून थेट मुलाच्या छातीवर जातो. त्यामुळे मुलांना सराव द्यायचा असेल तर लहान मापाचे साइडआर्मच घ्यावे. रोज वापरता तो सीझन बॉल (चामड्याचा चेंडू) दुकानात सोबत न्यावा आणि वाटीत दाबून पाहावा. दांडा उलटा धरल्यावर चेंडू पडता कामा नये, पण मनगटाच्या एका झटक्याने तो सहज सुटला पाहिजे.

पहिले दोन दिवस फलंदाजाला समोर उभे करू नये. रिकाम्या नेटमध्ये यष्ट्यांपासून बारा मीटरवर उभे राहून निम्म्या जोराने तीस-चाळीस चेंडू टाकावेत. हस्तांदोलन करताना धरतो तसा दांडा सैल धरावा. मुठीत आवळला की मनगट अडते, आणि साइडआर्ममध्ये वेग खांद्यापेक्षा मनगटातून येतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याने डावा खांदा फलंदाजाकडे करावा, डावा पाय छोटे पाऊल टाकून घट्ट रोवावा, कोपर खांद्याच्या वर ठेवून दांडा कानाजवळून पुढे आणावा आणि अखेरच्या क्षणी मनगट खाली मोडावे. दांड्यामुळे हाताची लांबीच वाढलेली असते. हात पूर्वीइतक्याच चपळाईने फिरला तरी टोकाकडचा चेंडू कितीतरी वेगाने सुटतो, म्हणून जोर लावण्याचा मोह आवरावा.

टप्पा चुकण्याचे कारण बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे चेंडू सुटण्याचा क्षण. चेंडू लवकर सुटला तर फुलटॉस पडतो, उशिरा सुटला तर आखूड पडून डोक्यावरून जातो. नवशिका दोन्ही वेळा हाताचा वेग बदलून चूक दुरुस्त करू पाहतो आणि गोंधळ वाढवतो. हाताचा वेग कायम ठेवून मनगट किंचित आधी किंवा नंतर मोडणे, हाच खरा उपाय आहे. चेंडू सारखा ऑफस्टंपबाहेर जात असेल तर दांडा डोक्यावरून सरळ न येता तिरका होऊन अंगावरून जात आहे असे समजावे. अर्थात हे उजव्या हाताने टाकणारा आणि उजव्या हाताचा फलंदाज धरून सांगितले आहे. खेळपट्टीवर चांगल्या टप्प्याच्या जागी एक जुने टॉवेल पसरावे आणि सहापैकी चार चेंडू त्यावर पडू लागले की मगच फलंदाजाला बोलवावे.

फलंदाज आल्यावर अंतराचा हिशेब नीट करावा लागतो. खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर असली तरी दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजमधले (यष्ट्यांपुढे आखलेल्या रेषांमधले) अंतर १७.६८ मीटरच असते आणि गोलंदाजाचा चेंडू साधारण तेवढा प्रवास करतो. त्याऐवजी आपण फलंदाजापासून १५ मीटरवरून ताशी ११० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला तर त्याला मिळणारा वेळ १७.६८ मीटरवरून येणाऱ्या ताशी १३० किलोमीटरच्या चेंडूइतका, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद असतो. पुढे सरकून वेगाचा आभास निर्माण करण्याची ही सोय उपयोगी आहे, परंतु ती फुकट मिळत नाही. जवळून, त्याच उंचीवरून आलेला चेंडू जास्त तीव्र कोनात टप्पा घेतो आणि जास्त उसळतो. सिमेंटवर अंथरलेल्या मॅटिंगवर तर हे फारच जाणवते. पुढच्या पायावरचा ड्राइव्ह घोटायचा असताना मुलगा सारखा मागे जात असेल तर दोष त्याच्या पायांना देण्याआधी आपण दोन मीटर मागे सरकून पाहावे.

शिवण वाटीत कशी बसवली आहे याकडे बहुतेकांचे लक्ष नसते, आणि या साधनाची खरी गंमत तर तिथेच आहे. वाटीच्या कडेवरून घरंगळत सुटताना चेंडूला उलटी फिरकी मिळते, त्यामुळे शिवण उभी बसवली तर ती हवेत बऱ्याच वेळा उभीच राहते. उजव्या हाताच्या फलंदाजासाठी शिवणेचे तोंड स्लिपकडे वळवून आणि चकाकी असलेली बाजू लेगकडे ठेवून टाकलेला चेंडू बाहेर जाऊ शकतो. दोन्ही उलट केले की तो आत येतो. शिवण आडवी ठेवली तर उसळी अनियमित मिळते. भारतीय संघासोबत असणारे राघवेंद्र, दयानंद गरानी आणि डावखुरे नुवान सेनेविरत्ने हे थ्रोडाउन तज्ज्ञ हेच काम करतात. आपल्या क्लबात डावखुरा गोलंदाज नसेल तर डाव्या हाताने दांडा फिरवू शकणाऱ्या एखाद्या मुलाला आवर्जून तयार करावे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र सवलत देऊ नये. समोर बारा वर्षांचा मुलगा असला तरी हेल्मेटशिवाय एकही चेंडू टाकू नये, कारण निसटलेला चेंडू बहुधा डोक्याच्याच उंचीने जातो. टाकणाऱ्यालाही तितकाच धोका असतो. तो गोलंदाजापेक्षा जवळ उभा असतो आणि सरळ फटका त्याच्याच दिशेने येतो, म्हणून एका बाजूला हातासाठी मोकळी जागा असलेली संरक्षक जाळी समोर ठेवावी आणि चेंडू सोडताच तिच्या आड व्हावे. पहिल्याच आठवड्यात मी ही जाळी बाजूला ढकलली होती. त्या ड्राइव्हची निळी खूण नडगीवर महिनाभर होती. प्रत्येक वेळी चेंडू वर धरून फलंदाजाला दाखवावा आणि त्याने बॅट टेकवल्याशिवाय हात फिरवू नये.

नेट नसेल त्या दिवसासाठी मोज्यात घातलेला आणि दोरीने टांगलेला चेंडू पुरेसा आहे. चेंडू गुडघ्याच्या किंचित खाली राहील अशी दोरी बांधावी. सव्वादोन मीटर लांबीच्या दोरीवर त्याचा एक पूर्ण झोका सुमारे तीन सेकंदांचा होतो, एक मीटरच्या दोरीवर दोन सेकंदांचा. त्यामुळे गॅलरीच्या आखूड दोरीवर घाई होते आणि गच्चीवरच्या लांब दोरीवर पाय हलवायला वेळ मिळतो. बॅटचा पूर्ण चेहरा सरळ लागला तर चेंडू आला त्याच रेषेत परततो. तो गोल फिरू लागला की बॅट तिरकी आली असे खुशाल समजावे. डॉन ब्रॅडमन लहानपणी बाउरल येथे यष्टीने गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीखालच्या गोलाकार विटांच्या बांधकामावर मारत असत, आणि तो कुठे परत येईल याचा त्यांना नेम नसे. टांगता चेंडू अशी फसवणूक करत नाही. तो फक्त बॅटचा कोन शिकवतो, म्हणून त्यावर वीस मिनिटांहून जास्त वेळ घालवू नये.

एका बैठकीत साइडआर्मने किती चेंडू टाकावेत, याचे ठरावीक उत्तर नाही. माझ्यापुरता नियम असा, की सलग तीन चेंडू टॉवेल सोडून पडले की दांडा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, कारण तोवर मनगट थकलेले असते आणि पुढचा निसटता चेंडू फलंदाजाला महागात पडतो. वाटीच्या ओठावर बारीक तडा गेला आहे का, हे दर आठवड्याला नखाने चाचपून पाहावे आणि साधन उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नये. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगच्या दिवसांत ओला चेंडू वाटीतून साबणासारखा सुटतो. तेव्हा कमरेला एक कोरडे फडके खोचावे आणि प्रत्येक चेंडूआधी वाटी आतून पुसून घ्यावी.