दुसऱ्या वर्षी जमलेली कागदी फुलं

पर्थला आल्यावर पहिल्या वर्षी एव्हरलास्टिंग डेझीचं बी शेणखत घालून बोटभर खोल पुरलं. जेमतेम चार रोपं आली, तीही लांबुडकी होऊन आडवी पडली. ही पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हलक्या, वाळूच्या जमिनीतली रानफुलं. त्यांना असलं खत मानवत नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू होताना, भरपूर उन्हाच्या जागी माती नुसती खरवडली. बी कापसासारखं, वाऱ्यावर उडणारं, म्हणून कोरड्या वाळूत कालवून फोकलं आणि तळहाताने हलकंच दाबलं. उगवेपर्यंत माती ओलसर ठेवली. गोगलगायी मात्र रोज रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागल्या!

सप्टेंबरात गुलाबी-पांढरा गालिचाच पसरला. पाकळी चिमटीत धरली की कागदासारखी कुरकुरते. अर्धवट उमललेली काही फुलं कापून स्वयंपाकघरात उलटी टांगली होती, ती अजून तशीच गुलाबी आहेत.