ट्रेलरची भिंत फुगली? आधी गळती शोधा

ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या) बाहेरच्या फायबरग्लास पॅनेलला फुगवटा दिसला की लगेच गोंद भरायला बसू नका. पाणी शिरतं वरून, म्हणजे छताच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीतून, अगदी दिव्याच्या स्क्रूमधूनही. आणि लाकूड कुजतं खाली. म्हणून तपासणी वरूनच सुरू करा. बोटांनी टकटक करत या: पोकळ, ढबढब आवाज येईल तिथे पेन्सिलने हद्द आखा. आतलं प्लायवूड भुसभुशीत लागलं तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. पॅनेल प्लायवूडपासून नुसतं सुटलं असेल, तर पूर्ण वाळवून इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) भरा आणि सपाट फळीने दाबून ठेवा. वाळायला बरेच दिवस लागतात, तिथे घाई नकोच. खिडकीची चौकट काढली असेल, तर परत बसवताना खाली ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट, रबरासारखी पट्टी) लावा. जुनं सिलिकॉन मात्र आधी खरवडून काढा. त्यावर नवं काही नीट चिकटत नाही.