शिंपल्याला चिंच लावू नका

दसरा उलटून घराघरांत दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माझा फोन वाजायला लागतो. माळ्यावरून आजीची पेटी निघालेली असते, झाकणावर शिंपल्याची फुलं असतात आणि ती ‘जरा चमकवायची’ असते. चमकवण्याआधी फोन केला तर मी एक शब्द बोलणार नाही. पण फोन येतो तो चमकवून झाल्यावर. ‘काका, सगळं पांढरं पडलं हो. परत आणता येईल का?’ नाही येत. दरवर्षी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतोय.

पुण्यातल्या घरांना घासण्याचा सोस फार. बंब, समया, ताम्हन, सगळं चिंच-लिंबू नाहीतर डब्यातली पावडर लावून लख्ख करायचं. तांब्या-पितळेला ते चालतं. शिंपला म्हणजे मात्र चुना. कोकणात शिंपले भाजूनच बांधकामाचा चुना करत. चुन्यावर आंबट पडलं की काय होतं ते व्हिनेगरमध्ये अंडं बुडवून पाहिलेल्या कुठल्याही शाळकरी पोराला विचारा. मोतिया चमक देणारा थर कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्यांचा असतो, एकावर एक रचलेल्या, मध्ये प्रथिनाची खळ. एकेक चकती साधारण अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास, आणि त्यातूनच तो गुलाबी-हिरवा खेळ दिसतो. तिथे रंग लावलेला नसतो, नुसती रचना असते. आंबट लागलं की रचना विस्कटते आणि उरतो खडू.

हे मी स्वतः केलंय, म्हणून इतक्या तळमळीने सांगतो. पंचविशीत होतो. सदाशिव पेठेतला एक वाडा पाडायला घेतला होता आणि तिथलं काही सामान बुधवारच्या जुन्या बाजारात आलं होतं. त्यात एक शिसवी कलमदान मिळालं. दोन विती लांब, झाकणावर शिंपल्याचं आठ पाकळ्यांचं फूल, प्रत्येक पाकळी दोन बारीक पितळी खिळ्यांनी ठोकलेली. खिळ्यांच्या डोक्यांवर हिरवा थर चढला होता आणि तो माझ्या डोळ्यांत खुपत होता. घरी आलो, आईच्या डब्यातली चिंच कालवली आणि झाकणावर थापली. खिळ्यांच्या कडेने बारीक बुडबुडे आले. मला वाटलं, वा, मळ सुटतोय. दहा मिनिटांनी नळाखाली धरलं. खिळे सोन्यासारखे झाले होते आणि पाकळ्या शाळेच्या फळ्यावरच्या खडूसारख्या. बोट फिरवलं तर बोटाला पांढरं लागलं. वर रात्रीतून दोन पाकळ्या उचलल्या गेल्या, कारण खाली सरस, म्हणजे हाडा-कातड्याचा जुना गोंद होता आणि सरस पाण्याने फुगतो.

फक्त एका पाकळीवर कधीकाळी लाखोटा लावताना सांडलेला लाखेचा थेंब होता. तो मी नंतर नखाने उडवला. खाली करंगळीच्या नखाएवढा तुकडा तसाच होता, पावसानंतरच्या रस्त्यावर डिझेल सांडल्यासारखा रंगीत. तंबोरे दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे ते झाकण नेलं. त्याने एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाला, ‘चिंच आमटीत घालतात साहेब.’

तर चिंच, लिंबू, व्हिनेगर, दही, संडास साफ करायचं द्रव्य (हो, हेही लोक लावतात), काही म्हणजे काही लावायचं नाही. देवघरातल्या शंखात पंचामृत रात्रभर ठेवणारेही यातच आले. त्यातलं दही गुपचूप काम करत असतं. मी साफ करतो ते थुंकीने. हसू नका, संग्रहालयांतले संवर्धकही करतात. थुंकीतली पाचकद्रव्यं जुना मळ सैल करतात आणि ती फार ओलीही नसते. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेला लावायचा, एका वेळी नखाएवढी जागा पुसायची, मग ऊर्ध्वपातित पाण्याच्या ओलसर कापसाने पुन्हा पुसून जुन्या सुती धोतराने लगेच कोरडं करायचं. पितळी खिळ्यांवरचा हिरवा थर फारच खुपत असेल तर बाभळीच्या काट्याने, भिंगाखाली, एकेक. एका झाकणाला चार संध्याकाळी जातात. तेवढा वेळ नसेल तर मळ राहू द्या. मळाने वस्तू मरत नाही.

खोबरेल लावू नका. विकणारा लावतो, कारण त्याला ती वस्तू संध्याकाळपर्यंत चमकवायची असते. तुमच्याकडे ती धूळ खेचते आणि पिवळी पडते.

आता शंख. यावर जरा लांबण लावणार आहे, कारण इथे पैसे जातात. कोथरूडला माझे एक स्नेही आहेत, निवृत्त, हिशोबाला पक्के, कोथिंबिरीच्या जुडीवर घासाघीस करणारे. त्यांनी एका प्रदर्शनात दक्षिणावर्ती शंख घेतला, २१ हजारांना. विकणाऱ्याने म्हणे परीक्षा करून दाखवल्या. मिठाच्या पाण्यात ठेवला, तडकला नाही. कानाला लावला, ओंकार ऐकू आला. अहो, मिठाच्या पाण्यात कुठलाच शंख तडकत नाही, त्याचा जन्मच तिथला. आणि ओंकार हवा असेल तर फुलपात्र कानाला लावा.

आपला पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम, भारत आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यांवरचा. पन्हळीसारखं निमुळतं टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरला तर नेहमीच्या शंखाचं तोंड डाव्या हाताला येतं. उजव्या हाताला आलं तर दक्षिणावर्ती, आणि या जातीत तसा शंख अतिशय दुर्मीळ. इथपर्यंत विकणारा खरं बोलतो. तो सांगत नाही ते असं की फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताकडे लाइटनिंग व्हेल्क नावाची एक वेगळीच समुद्री गोगलगाय आहे आणि तिच्या जातीत उजवीकडे तोंड असणं हीच रीत. तिकडे तिचं कुणाला अप्रूप नाही. तीच इकडे येऊन देवघरात बसते.

ओळखायचं कसं? तोंडातून बोट आत घाला आणि मधला खांब चाचपा. टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक आडव्या वळ्या असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या बोटाला लागतात. व्हेल्कमध्ये ती रांग नसते. शिवाय आपला शंख हाताला दगडासारखा जड लागतो, व्हेल्क त्यामानाने पातळ. बस, एवढंच. ना मीठ, ना ओंकार, ना प्रमाणपत्र. स्नेह्यांनी माझ्यासमोर बोट घातलं, दोनदा फिरवलं, आणि गप्प झाले. वहिनी आतून म्हणाल्या, ‘भावोजी, आता पूजेत बसलाय तो, राहू दे.’ अजून आहे.

घाईने परीक्षा करणाऱ्यांचा दुसरा लाडका प्रकार म्हणजे तापलेली सुई. व्हिडिओत बघतात आणि सुरू होतात. शिंपल्याला सुईने काही होत नाही, प्लास्टिक वितळतं, हे खरं. पण जुन्या काळी शिंपल्याची आणि कासवाच्या कवचाची नक्कल सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकमध्ये करत, आणि सेल्युलॉइड भडकतं. एका उत्साही मुलाने माझ्याच टेबलावर पणजीचा कंगवा असा पेटवला. मी पाणी ओतेपर्यंत निम्मे दात गेले होते, कंगव्याचे. सेल्युलॉइडवर अंगठा जोरात घासून नाकाशी न्या, बहुतेकदा कापराचा वास येतो, कारण ते कापूर घालूनच बनवत. शिंपला ओळखायला मी वस्तू ओठाला लावतो. शिंपला गार लागतो आणि गार राहतो, प्लास्टिक क्षणात कोमट होतं. जुन्या सदऱ्याच्या गुंड्यांना हीच परीक्षा. गुंडीची मागची बाजू थोडी खडबडीत किंवा तपकिरी असली तर उत्तमच, ती शिंपल्याची बाहेरची साल.

कासवाच्या कवचाला इंग्रजीत शेलच म्हणतात म्हणून लोक ते शिंपल्याच्या खणात टाकतात. ते केराटिन, म्हणजे आपल्या नखांच्या जातीचं. आणि त्याचा व्यवहार करणं गुन्हा आहे, पणजीचं असो की पणजीच्या पणजीचं. नॉटिलस आणि आणखी काही समुद्री शंख-शिंपलेही २००१ साली १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आले. घ्यायच्या आधी यादी वाचा. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब वनखात्यात चालत नाही.

कॅम्पातल्या जुन्या पारशी घरांतून कधीकधी कॅमेओचा ब्रोच निघतो, तपकिरी जमिनीवर बाईचा पांढरा चेहरा. नेपल्सजवळच्या तोरे देल ग्रेको गावात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं. उजेडासमोर धरा: शिंपल्याचा असेल तर आरपार मंद उजळतो, आणि मागची बाजू थोडी खोलगट असते.

कपाट. नवं प्लायवूडचं, घट्ट दार, आत शंखांचा संग्रह, आणि बाहेर पुण्याचा जुलै. दोन वर्षांत शंखांवर पांढरी भुकटी येते. लोक तिला बुरशी समजून औषध मारतात. लाकूड आणि त्यातला डिंक हळूहळू आम्लाची वाफ सोडतात, ती चुन्याला खाते, त्याची ही भुकटी. १८९९ मध्ये बाइन नावाच्या इंग्रजाने याविषयी लिहिलं आणि तोही फसला, त्याला जंतू वाटले. तरी त्या रोगाला नाव त्याचंच आहे. सुटा शंख साध्या पाण्यात धुवा, दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवा आणि पत्र्याच्या कपाटात ठेवा. माझं कपाट एका बंद पडलेल्या दवाखान्याचं आहे, दिसायला भिकार, पण भुकटी नाही.

शिंपला नुसता चित्रात असला तरी फसवणूक आहेच. जुन्या बाजारात बर्मा-शेल या जुन्या पेट्रोल कंपनीच्या, शिंपल्याचं चित्र असलेल्या पाट्यांचा सुकाळ आहे. कंपनी १९२८ ची, १९७६ मध्ये सरकारने ताब्यात घेतली, मग इतक्या पाट्या उरल्या कुठून? हल्ली पोरं लोहचुंबक घेऊन येतात. चिकटला की खूश. अरे, खोटी पाटीही पत्र्याचीच असते! नख फिरवा. जुन्या मिन्याच्या, म्हणजे इनॅमलच्या पाटीत प्रत्येक रंग वेगळा भाजलेला, त्यामुळे शिंपल्याच्या कडेला नखाला पायरी लागते. छापलेल्या पाटीत नख सरळ जातं. आणि गंज बघा: स्क्रूच्या भोकांपाशी मिना टवका उडून गेलेला असतो आणि गंज तिथून पसरतो. मधोमध एकसारखा, सुबक गंज म्हणजे कुणीतरी बसून काढलेला.

काही घ्यायच्या आधी बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात दोन-तीन रविवार घालवा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेलं १९७५ मध्ये सरकारला देऊन टाकलं, आपल्याला फक्त तिकीट काढायचंय. वापरातली वस्तू कुठे झिजते, अंगठा कुठे बसतो, कड कुठे गोल होते, ते बघा. खऱ्या झिजेला दिशा असते, सॅंडपेपरने केलेली सगळीकडे सारखी असते.

राहिला निखळलेला तुकडा. तो झटपट गोंदाने चिकटवू नका. त्याचा पांढरा धूर शिंपल्यावर बसतो आणि चुकलं तर काढता येत नाही. मी सरस वापरतो, कोमट पाण्याने सुटतो, पुढच्या माणसाला शिव्या घालायची वेळ येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुकड्याची दिशा. तोच तुकडा अर्धा फिरवून बसवला तर शेजारच्या पाकळ्या उजळतात तेव्हा हा काळवंडतो, आणि हे सरस सुकल्यावरच लक्षात येतं. म्हणून निखळल्या क्षणी तुकडा काड्यापेटीत ठेवायचा, मागे पेन्सिलीने वरच्या बाजूचा बाण, पेटीवर वस्तूचं नाव आणि जागा. माझ्या खणात अशा अकरा काड्यापेट्या आहेत. त्यातल्या तीन पेट्यांवर नाव लिहायचं मीच विसरलोय.