डॅक कार्डातनं सिग्नल काढायचाय? आधी क्लॉक कुणाचा ते बघा

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या टेस्ट बेंचवर काम करणाऱ्या पोरांचं नेहमीचं गाऱ्हाणं, डॅक कार्ड (डेटा अ‍ॅक्विझिशन, म्हणजे कॉम्प्युटरला सिग्नल आत घ्यायला आणि बाहेर काढायला लागतं ते) घेतलं, व्होल्टेज पण येतंय, पण साइन वेव्ह सोडली की मधेमधे ओढल्यागत का दिसते? बहुतेक वेळा कार्ड चांगलंच असतं ओ, घोळ क्लॉकचा, म्हणजे पुढचा आकडा कधी काढायचा ते ठरवणाऱ्या ठेक्याचा असतो.

कार्डातल्या डीएसीला (आकड्याचं व्होल्टेज करणाऱ्या चिपला) एक आकडा दिला की तो तेवढं व्होल्टेज लावतो आणि पुढचा आकडा येईपर्यंत तिथंच धरून बसतो. 12 बिटचं, 0 ते 5 व्होल्टवालं कार्ड असलं तर 4096 पायऱ्या, म्हणजे एक पायरी 1.22 मिलिव्होल्टची. 16 बिट आणि ±10 व्होल्ट असलं तर 0.3 मिलिव्होल्ट. प्रपोर्शनल व्हॉल्व्हला (सिग्नलच्या प्रमाणात कमीजास्त उघडतो तो) 12 बिट भरपूर झालं, बिटांवर उगाच पैसे घालू नका, ते क्लॉकवर घाला.

कारण असं की तुमच्या प्रोग्रामच्या लूपमधनं एकेक आकडा लिहिला तर वेळ विंडोज ठरवतं, आणि त्याला मधेच अँटीव्हायरस आठवला की काही मिलिसेकंद गेलेच. व्हॉल्व्ह अर्धा उघडून ठेवायचाय, हळूहळू प्रेशर वाढवायचंय, तर हे चालतं. साइनला नाही चालत. स्वस्तातल्या कितीतरी यूएसबी कार्डांत इनपुटला क्लॉक असतो पण आउटपुटला नसतो, तेव्हा घेण्याआधी डेटाशीटमधे अ‍ॅनालॉग आउटपुटच्या खाली 'हार्डवेअर टाइम्ड' लिहिलंय का बघा की.

हार्डवेअर टाइम्ड असलं की कार्डावर फिफो (आधी आलेला आकडा आधी बाहेर सोडणारी मेमरी) असतो, आपल्याकडं नळाला पाणी येईल तेव्हा टाकी भरून ठेवतात तसा, कॉम्प्युटर जमेल तेव्हा ओततो आणि कार्ड स्वतःच्या क्लॉकनं एकसारखं काढत राहतं. पीसीआय कार्ड डीएमएनं थेट रॅममधनं डेटा ओढतं, प्रोसेसरला फारसा त्रास नाही. यूएसबीत मात्र कार्डाला आपणहून काही करता येत नाही, कॉम्प्युटरनं विचारल्याशिवाय डेटा हलतच नाही, म्हणून तिथं बफर, म्हणजे आगाऊ भरून ठेवलेला डेटा, मोठा ठेवायचा.

हिशोब करून बघा. 20 हर्ट्झची साइन, एका सायकलला 500 पॉइंट, म्हणजे सेकंदाला 10,000 सॅम्पल, दोन बाइटनं 20,000 बाइट, हे कुठल्याही यूएसबीला काहीच नाही. पण फिफो 8,000 सॅम्पलचा असला तर 0.8 सेकंदात तो रिकामा, तेवढ्यात कॉम्प्युटर परत आला नाही की अंडरफ्लो एरर येऊन टास्क बंद. एकच सायकल फिरवायची असली तर 500 पॉइंट एकदाच फिफोत भरा आणि रीजनरेशन (तेच पॉइंट परत परत काढणं) कार्डावरनंच ठेवा, मग केबलवरनं काही जायलाच नको.

जोडताना कार्डाची आउटपुट थेट व्हॉल्व्हच्या सोलेनॉइडला (कॉइलला) लावू नका हं, कार्ड जेमतेम काही मिलिअँपिअर देतं आणि सोलेनॉइडला लागतात अँपिअरमधे. मधे व्हॉल्व्हचं ड्रायव्हर कार्ड पाहिजेच. कार्डाचा एओ (अ‍ॅनालॉग आउटपुट) ग्राउंड ड्रायव्हरच्या कमांड ग्राउंडला जोडा, आणि पंप चालू करायच्या आधी नुसतं 2 व्होल्ट लिहून मल्टीमीटरनं बघून घ्या.

अजून एक, टास्क थांबवला म्हणजे आउटपुट शून्य होतं असं नाही, बऱ्याच कार्डांत शेवटचं व्होल्टेज तसंच राहतं. थांबवताना शून्य लिहायचंच, पण कॉम्प्युटर हँग झाला तर ते पण लिहिलं जात नाही, म्हणून ड्रायव्हरची एनेबल वायर इमर्जन्सी स्टॉपच्या कॉन्टॅक्टमधनं न्या, सॉफ्टवेअरमधनं नको.