रॅम्पच्या तोंडाशी सायकल सरळ दामटू नका

पुण्याच्या चांदणी चौकासारख्या ठिकाणी डावीकडे महामार्गाचा रॅम्प फुटतो आणि सायकलवाल्याला मात्र सरळ जायचं असतं. कडेकडेने चालवायची सवय इथेच नडते. डावीकडे वळणारी गाडी आपल्याला ओलांडून लगेच आपल्याच पुढ्यात घुसते, इंडिकेटर दिला तर नशीब!

रॅम्प फुटण्याच्या बऱ्याच आधी उजव्या खांद्यावरून मागे बघा. रस्ता मोकळा असेल तर हात दाखवून, लेनच्या मधोमध राहून सरळ निघा. रहदारी असेल तर मात्र रॅम्पच्या कडेने थोडं आत जा, उतरा आणि सायकल हातात धरून काटकोनात पलीकडे जा. ताशी ६० किमी वेगाची गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर कापते. सात मीटर रुंद तोंड चालत ओलांडायला ५-६ सेकंद लागतात. म्हणजे येणारी गाडी निदान शंभर मीटर लांब हवी. त्याहून जवळ असेल तर जाऊ द्या, दोन मिनिटांनी काही बिघडत नाही.

डंपर किंवा मिक्सरच्या डाव्या बाजूला तर कधीच थांबू नका, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही. आणि रॅम्प व सरळ रस्ता यांच्या मधल्या, रंगवलेल्या पट्ट्यांच्या त्रिकोणात साचलेल्या खडीवर ब्रेक दाबलात की चाक सरकतं.