फोनिक्सचा सराव: आधी अक्षराचा पाय मोडा

फोनिक्स म्हणजे इंग्रजी अक्षरांची नावं नव्हे, त्यांचे आवाज जोडून वाचायला शिकणं. इंग्रजी शाळेतली पोरं घरी ‘कॅट’ वाचताना बऱ्याचदा ‘कऽ-ॲ-टऽ’ म्हणतात आणि जोडल्यावर भलतंच काहीतरी ‘कअटअ’ होतं. चूक पोरांची नाही, आपलीच. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ दडलेला असतो, म्हणून सी अक्षराचा आवाज सांगतानाही आपण सवयीने ‘क’ म्हणतो. म्हणायचं असतं ‘क्’, पाय मोडून, झटक्यात. टी आणि पीचे आवाज तर जवळजवळ कुजबुजल्यासारखे. गळ्यावर बोट ठेवलं तर थरथर लागायला नको.

सुरुवात एस, एम, एन यांच्यापासून करा, कारण ‘स्स्स’, ‘म्म्म’ हे आवाज ताणता येतात आणि पुढच्या स्वरात सहज मिसळतात. बी, डी, जीच्या मागे थोडा ‘अ’ येतोच, तो आखूड ठेवला की पुरे.

पुस्तक उघडायचीही गरज नाही. पोळ्या लाटता लाटता म्हणा, “जा, प्-ॲ-न् आण बरं!” मूल आवाज जोडून पॅन शोधतं. मग म्-अ-ग्, क्-अ-प्, प्-इ-न्. नंतर उलट करा: शब्द तुम्ही सांगा, मुलाने प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा. ‘शिप’ला चिंचोके तीनच, अक्षरं मात्र चार, इथे आईबाबाच जास्त गोंधळतात.

पाच-सात मिनिटं बास. मूल कंटाळायच्या आधी थांबा, आणि त्या दिवसापुरती एबीसीडीची नावं बाजूला ठेवा.