कीबोर्डला हात लावण्याआधी: अ‍ॅरे आणि स्ट्रिंगचे पहिले प्रश्न कसे सोडवावेत

प्रश्न साधाच असतो: अ‍ॅरेतली (म्हणजे एका ओळीत मांडलेल्या संख्यांच्या यादीतली) दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या शोधा. नवशिका लगेच लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, लिहायला घेतो, आणि अर्ध्या तासाने उत्तर चुकतंय पण का ते कळत नाही, अशा जागी अडकून बसतो. लॅपटॉप बंद करा. वही-पेन्सिल घ्या.

पहिलं काम म्हणजे एक उदाहरण हाताने लिहून त्याचं उत्तर ठरवणं. समजा अ‍ॅरे आहे १७, ४२, ३०, ४२. उत्तर ४२ की ३०? वर्गात दोघांचा पहिला नंबर आला तर पुढच्याला दुसरा म्हणायचं की तिसरा, तोच हा वाद. प्रश्नात 'वेगळी संख्या' असं म्हटलं असेल तर ३०. नसेल म्हटलं तर विचारा. अ‍ॅरे क्रमाने लावून शेवटून दुसरी संख्या उचलणारे इथेच फसतात, त्यांना ४२ मिळतं.

आता एक जुनी पत्रिका घ्या आणि संख्या झाका. एका वेळी एकच उघडी ठेवा. हा पोरखेळ वाटेल, पण मला तरी याहून चांगली युक्ती सापडलेली नाही. आपल्याला चारही संख्या एकदम दिसतात, म्हणून उत्तर आपसूक सापडतं. लूपसमोर एका वेळी एकच संख्या असते. पत्रिका सरकवताना तुम्ही काय लक्षात ठेवता? फक्त दोन गोष्टी: आतापर्यंतची पहिली आणि दुसरी. तेच तुमचे दोन व्हेरिएबल.

१७ आली: पहिली १७, दुसरी अजून नाही.
४२ आली: पहिली ४२, दुसरी १७.
३० आली: पहिली ४२च, दुसरी ३०.
४२ आली: काही बदल नाही.

यातून नियम निघतो. नवी संख्या पहिलीपेक्षा मोठी असेल तर आधी जुनी पहिली 'दुसरी'त उतरवा, मगच नवी 'पहिली'त ठेवा. हा क्रम उलटा झाला की दोन्हींत एकच संख्या बसते. नवी संख्या पहिलीपेक्षा लहान असेल, आणि दुसरीपेक्षा मोठी असेल किंवा दुसरी अजून ठरलीच नसेल, तर फक्त दुसरी बदला. पहिलीइतकीच असेल तर सोडून द्या.

सुरुवातीला दोन्हींत ० ठेवायचा मोह होतो. मग −५, −२, −९ देऊन बघा: उत्तर ० येईल, आणि ० तर अ‍ॅरेत नाहीच! म्हणून सुरुवात 'काहीच नाही'पासून करा, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत त्याला 'नन' म्हणतात. ७, ७, ७ आणि रिकामा अ‍ॅरे हेही चालवून पाहा. तिथे दुसरी संख्या नाही, आणि प्रोग्रॅमने तसं सांगायला हवं.

स्ट्रिंगकडे, म्हणजे अक्षरांच्या ओळीकडे, वळू. उलटा वाचला तरी तोच राहणारा शब्द ओळखायचा आहे. एक बोट पहिल्या अक्षरावर, दुसरं शेवटच्या. अक्षरं सारखी असतील तर दोन्ही बोटं एकेक घर आत, वेगळी निघाली तर तिथेच थांबा. डावं बोट उजव्याच्या डावीकडे आहे तोवर हे चालू. इंडेक्स, म्हणजे घराचा क्रमांक, ०पासून सुरू होतो, म्हणून उजवं बोट 'लांबी वजा १'वर. ते 'लांबी'वर ठेवलंत की इंडेक्सची एरर.

'कनक' देऊन पाहा, पास. 'जहाज' द्या, नापास! तुमचा कोड बरोबर आहे. आपण तीन अक्षरं मोजतो, पायथन चार मोजतो: ज, ह, काना, ज. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, काना ही स्वतंत्र खूण आहे. उलटं केलं की तो आधीच्या 'ज'ला जाऊन चिकटतो आणि 'जाहज' होतं. याच हिशेबाने 'मराठी'ची लांबी ५ भरते.

उपाय असा: आधी स्ट्रिंगमधून अक्षरांचा अ‍ॅरे तयार करा. एकेक खूण घ्या. ती काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त (व्यंजनाचा पाय मोडणारी खूण) असेल तर मागच्या घरात जोडा. मागचं घर हलन्ताने संपत असेल तर नवं व्यंजनही तिथेच जोडा, म्हणजे जोडाक्षर तुटणार नाही. बाकी प्रत्येक खुणेला नवं घर. मोकळ्या जागा गाळा. मग बोटं या अ‍ॅरेवर फिरवा.

'टेप आणा आपटे'ची घरं होतात टे, प, आ, णा, आ, प, टे. सात घरं, तीन तुलना, मधल्या 'णा'ला हात लावायची गरजच नाही. 'रामाला भाला मारा'ही पास होतं. 'चिमा काय कामाची' मात्र पहिल्याच तुलनेत अडकतं, कारण एका टोकाला 'चि' ऱ्हस्व आणि दुसऱ्या टोकाला 'ची' दीर्घ. कानाला ते चालतं, कोडला नाही. दोन्ही वेलांट्या सारख्या धरायच्या की नाहीत, हे ४२ आणि ३०सारखंच वहीत आधी ठरवावं लागेल.